उत्तर मिळतच नाही, तर प्रश्न विचारायचा कशाला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, काही चुकत असेल तर सांगा. तुम्ही राज्यशास्त्राचे विद्यार्थी आहात आणि वर्षभर यूट्यूबवर ब्रिटनच्या पंतप्रधानांचा बुधवारचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम बघताय. विरोधी पक्षनेता सहा प्रश्न विचारतो, पंतप्रधान एकाचंही सरळ उत्तर देत नाहीत, दोन्हीकडचे खासदार गलका करतात आणि अर्ध्या तासात खेळ खल्लास. या तमाशातून काही निष्पन्न होतं का? होत नसेल, तर विरोधी पक्षनेता चांगला की वाईट हे ठरवायचं कशावरून?

मी कोण हे आधी सांगते, म्हणजे माझं म्हणणं कितपत धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळची डोंबिवलीची. दोन अधिवेशनं एका दैनिकासाठी मुंबईच्या विधान भवनात वार्तांकन केलं. लग्नानंतर लंडनला आले आणि पुढची अकरा वर्षं वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत, विरोधी बाकांवरच्या एका खासदारांकडे संशोधन सहायक होते. कामाचा मोठा भाग एकच, प्रश्न लिहून देणं. लेखी, तोंडी, तातडीचे, समितीत विचारायचे. हजारभर तरी लिहिले असतील. त्यातले बहुतेक वाया गेले, काही मोजके लागले. त्यामुळे मी लिहितेय ते प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूने लिहितेय. पंतप्रधानांच्या कार्यालयातला माणूस हेच वेगळं सांगेल.

तुम्ही एक गोष्ट गृहीत धरलीय: उत्तर मिळालं तर प्रश्न यशस्वी, टाळलं तर फुकट. बुधवारचा प्रश्न लिहिणारा कुणीही उत्तराच्या आशेवर बसलेला नसतो. त्याला हवं असतं ते मंत्र्याच्या तोंडचं एक वाक्य. हॅन्सर्डमध्ये म्हणजे सभागृहाच्या अधिकृत वृत्तांतात छापलेलं, तारखेसकट. ते वाक्य आज पोकळ असलं तरी चालतं. चार महिन्यांनी एखादं कागदपत्र बाहेर येतं आणि तेव्हा ते शेजारी ठेवता येतं.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण डिसेंबर २०२१ चं. करोनाच्या निर्बंधांत डाउनिंग स्ट्रीटवर, म्हणजे पंतप्रधानांच्या निवास-कार्यालयात, पार्ट्या झाल्याची बातमी डेली मिररने ३० नोव्हेंबरला दिली. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. विरोधी पक्षनेते कीर स्टार्मर यांनी १८ डिसेंबर २०२० च्या पार्टीबद्दल विचारलं. पंतप्रधान बोरिस जॉन्सन म्हणाले, दहा नंबरमध्ये, म्हणजे त्याच निवास-कार्यालयात, सगळ्या सूचना पूर्णपणे पाळल्या गेल्या. तुमच्या हिशोबाने हे न-उत्तरच. पार्टी झाली की नाही, यावर चकार शब्द नाही. पुढच्या बुधवारी, ८ डिसेंबरला, मजूर पक्षाच्या मागच्या बाकांवरून कॅथरीन वेस्ट उठल्या. त्यांचा प्रश्न जेमतेम एका वाक्याचा होता: १३ नोव्हेंबरला डाउनिंग स्ट्रीटमध्ये पार्टी झाली होती का, हे पंतप्रधान सभागृहाला सांगतील का? जॉन्सन म्हणाले, नाही, पण जे काही झालं त्यात सूचना पाळल्या गेल्या आणि नियमही कायम पाळले गेले, याची मला खात्री आहे.

हा प्रश्न मी नव्या सहायकांना नेहमी दाखवायचे. त्यात विशेषण नाही, टोमणा नाही, ‘जनतेला लाज वाटते’ वगैरे नाही. एक तारीख, एक जागा आणि हो-नाहीत उत्तर देता येईल अशी रचना. सभागृहात त्यावर कुणी बाकं वाजवली नाहीत, त्या संध्याकाळी बातम्यांतही तो मथळ्याला नव्हता. पण ‘नाही’ हा शब्द नोंदला गेला. मे २०२२ मध्ये त्याच १३ नोव्हेंबरच्या मेळाव्यात हातात पेला घेतलेल्या जॉन्सन यांचे फोटो बाहेर आले. तोवर प्रकरण हक्कभंगाच्या वाटेला लागलं होतं. २१ एप्रिलला मजूर पक्षाचा ठराव मतदानाशिवाय मंजूर झाला आणि चौकशी विशेषाधिकार समितीकडे गेली. सात जणांच्या त्या समितीत चार जण हुजूर पक्षाचे, म्हणजे जॉन्सन यांच्याच पक्षाचे. जून २०२३ मध्ये तिने निष्कर्ष काढला की त्यांनी सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली. समितीने जी वाक्यं एकेक करून तपासली त्यात १ आणि ८ डिसेंबरची ही वाक्यं होती. अहवाल सभागृहाने ३५४ विरुद्ध ७ मतांनी स्वीकारला. जॉन्सन त्याआधीच खासदारकी सोडून गेले होते.

पार्ट्या शोधून काढल्या पत्रकारांनी, विरोधी पक्षाने नव्हे, हे इथे कबूल करायला हवं. विरोधी पक्षाला गुपितं क्वचितच सापडतात. बातमी बाहेर आली की मंत्र्याला सभागृहात उभं करून तिच्यावर बोलायला लावणं, एवढंच त्याच्या हातात. पण वर्तमानपत्रासमोर खोटं बोलणं आणि सभागृहात खोटं बोलणं यांची किंमत वेगळी आहे. इराकला शस्त्रास्त्रविषयक सामग्री विकण्याच्या प्रकरणात मंत्र्यांनी संसदेला दिलेली उत्तरं किती पोकळ होती ते न्यायमूर्ती स्कॉट यांच्या चौकशी अहवालाने १९९६ मध्ये दाखवलं. त्यानंतर मार्च १९९७ मध्ये कॉमन्सने, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने, ठरावच केला की मंत्र्यांनी संसदेला अचूक आणि खरी माहिती द्यावी आणि अनवधानाने चूक झाल्यास लवकरात लवकर दुरुस्त करावी. हा ठराव नसता तर वरच्या सगळ्या तारखा नुसत्या तारखा राहिल्या असत्या.

माझी एक फजितीही सांगते. दुसऱ्या वर्षी मी आमच्या खासदारांना असाच तारखेचा प्रश्न लिहून दिला: अमुक दिवशी मंत्री अमुक कंपनीच्या लोकांना भेटले का? मंत्री उठले, ‘नाही’ म्हणाले आणि बसले. आमच्या बाजूला शांतता, समोर हशा. भेट झाली होती, पण आदल्या दिवशी. मी डायरीतला आकडा चुकीचा उतरवला होता. मंत्र्यांचं उत्तर अक्षरशः खरं होतं. त्या अधिवेशनात तो विषय पुन्हा काढायचं धाडस आम्हाला झालं नाही. खासदार मला काही बोलले नाहीत. फक्त पुढची दोन वर्षं माझ्या प्रत्येक मसुद्यातल्या तारखेखाली पेन्सिलने रेघ मारून विचारायचे, ‘कागद?’

कच्च्या माहितीवरचा प्रश्न कसा उलटतो हे मराठी माणसाला १८९७ पासून ठाऊक असायला हवं. गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रं त्यांना आली, त्या भरवशावर ते तिथल्या वर्तमानपत्राशी बोलले. विषय कॉमन्समध्ये निघाला आणि मुंबई सरकारने आरोप साफ फेटाळले. पत्र लिहिणाऱ्यांची नावं उघड करणं गोखल्यांना शक्य नव्हतं, परत आल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. पुण्यात प्रत्यक्ष काय घडलं हा वेगळा विषय. पण पुरावा पुढे करता येत नाही असा प्रश्न विचारला, की आरोपीच्या पिंजऱ्यात विचारणाराच उभा राहतो. त्या माफीने रँडच्या कारभाराबद्दलच्या खऱ्या तक्रारीही मागे पडल्या.

आता बुधवारच्या यंत्रणेकडे येते, कारण ‘पंतप्रधान उत्तर देत नाहीत’ याचं निम्मं कारण तिच्यातच आहे. पंतप्रधानांसाठी ठरावीक वेळ १९६१ पासून आहे. आधी मंगळवारी आणि गुरुवारी पंधरा-पंधरा मिनिटं असायची. १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांनी दोन्ही जोडून बुधवारचा एकच अर्धा तास केला, २००३ पासून तो दुपारी बाराला असतो. विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न, तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाच्या नेत्याला दोन. बाकी खासदारांची नावं सोडतीने निघतात. बहुतेकांनी पटलावर ठेवलेला छापील प्रश्न एकच असतो: पंतप्रधान आजचे आपले कार्यक्रम सांगतील का? ही नुसती खिडकी. खरा प्रश्न म्हणजे त्यावरचा उपप्रश्न, आणि तो काय असेल हे पंतप्रधानांना माहीत नसतं. पंतप्रधानांच्या हातातली ती जाडजूड खुणा लावलेली फाइल त्यासाठीच.

आपल्याकडच्या विधिमंडळातल्या तारांकित प्रश्नाशी ताडून बघा. ‘(१) हे खरे आहे काय, (२) असल्यास, (३) नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत’, आणि खाली उत्तर, ‘(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’ तिथे खात्याला आधीपासून विषय ठाऊक असतो, माहिती निघू शकते, चमचमाट कमी. बुधवारी उलट. विषय ठाऊक नसल्यामुळे माहिती निघत नाही, माणूस निघतो. तो किती तयारीचा आहे, कुठे चिडतो, कुठल्या विषयावर बाजूला सरकतो हे कळतं. माहिती काढायची हत्यारं वेगळी आहेत, त्यांच्याकडे मी येतेच.

माणूस कसा निघतो याचे दोन ताजे दाखले देते. २ जुलै २०२५ ला हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी तोवर पंतप्रधान झालेल्या स्टार्मर यांना विचारलं, अर्थमंत्री रेचल रीव्हज पुढच्या निवडणुकीपर्यंत पदावर राहतील का? आदल्याच दिवशी कल्याणकारी भत्त्यांच्या विधेयकावर सरकारने स्वतःच्या खासदारांपुढे माघार घेतली होती. स्टार्मर यांनी ‘हो’ म्हटलं नाही, दुसरंच बोलले. शेजारी बसलेल्या रीव्हज यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं कॅमेऱ्याने टिपलं. कारण खासगी होतं असं नंतर सांगण्यात आलं, पण सरकारी कर्जरोख्यांच्या बाजाराने तेवढी वाट पाहिली नाही, व्याजदर उसळले. मग स्टार्मर यांना त्या पदावर दीर्घकाळ राहतील असं सांगत फिरावं लागलं. दुसरा दाखला त्याच वर्षी १० सप्टेंबरचा. वॉशिंग्टनमधले राजदूत पीटर मँडेलसन यांच्यावर आपला विश्वास आहे, असं स्टार्मर यांनी बेडनॉक यांच्या प्रश्नावर सभागृहात सांगितलं. दुसऱ्या दिवशी मँडेलसन यांना काढलं. पहिल्या वेळी उत्तर टाळणं अंगाशी आलं, दुसऱ्या वेळी उत्तर देणं. त्यामुळे विचारणाऱ्याने प्रश्न नीट निवडला असेल तर समोरच्याला सोयीची वाट उरत नाही, असं माझं मत आहे. निवडला नसेल तर त्याच सहा प्रश्नांत पंतप्रधान तुमच्याच पक्षाचा इतिहास काढून मोकळे होतात.

सहाच्या सहा प्रश्न एकाच विषयावर लावायचे की तीन-तीन वाटायचे, हा दर बुधवारी सकाळचा वाद. मी सहांच्या बाजूची. पहिल्या दोन प्रश्नांना पंतप्रधान पाठ केलेलं बोलतात. तिसऱ्याला फाइल उलटतात. चौथ्या-पाचव्याला फाइलमधलं संपलेलं असतं. विषय बदलला की त्यांना आयता श्वास मिळतो. मजूर पक्षाचे नवे नेते जेरेमी कॉर्बिन यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये पहिल्याच दिवशी लोकांकडून आलेल्या चाळीस हजार ईमेलमधून प्रश्न निवडले. घरभाड्याबद्दल मारी विचारते, अमुक विषयावर अमुक विचारतो. सभागृह शांत झालं, लोकांना ते आवडलं, मलाही ऐकायला बरं वाटलं. पण एका मारीनंतर दुसरा कुणी, म्हणजे पाठलाग नाही. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी प्रत्येकाला आदराने उत्तर दिलं आणि खाली बसले. सौजन्याने वागायला लागणं ही त्यांच्यासाठी शिक्षा नव्हती, सुट्टी होती.

भाषण लांबलं की काय होतं हे २७ जानेवारी १९८६ ने दाखवलं. वेस्टलँड हेलिकॉप्टर प्रकरणात पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचे दोन मंत्री गेले होते, एका कायदा अधिकाऱ्याचं पत्र फोडण्यात कुणाचा हात होता हा नेमका प्रश्न होता, आणि त्या दिवशीची चर्चा त्यांना जड जाणार असं त्यांच्याच गोटात मानलं जात होतं. विरोधी पक्षनेते नील किनॉक उठले आणि नेमकं विचारायचं सोडून शब्दांच्या लाटेवर स्वार झाले. थॅचर त्यातून सुटल्या, पुढे जवळजवळ पाच वर्षं राहिल्या. वक्तृत्वाची हौस असलेल्या माणसाला विरोधी पक्षनेता करण्यातला हा धोका.

मग हुजूर पक्षाचे विल्यम हेग यांचं काय? १९९७ ते २००१ त्यांनी ब्लेअर यांना बुधवारमागून बुधवार हैराण केलं. हजरजबाबी, विनोदी, तयारीचे. विनोद चांगले पण निर्णयशक्तीचं काय, असा प्रतिटोला ब्लेअर द्यायचे, म्हणजे विनोद चांगले हे तेही मान्य करत. निवडणुकीत हुजूर पक्ष १६५ जागांवरून १६६ वर गेला. चार वर्षांच्या बुधवारांची कमाई एक जागा. हेग यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा जाहीर केला.

हा दाखला देऊन ‘प्रश्नोत्तरं निरुपयोगी’ असं सहज म्हटलं जातं. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. हेग यांच्यासमोर १७९ चं बहुमत होतं, अर्थव्यवस्था बरी चालली होती आणि मतदारांना त्यांच्या पक्षाचा कंटाळा अजून गेला नव्हता. या तिन्हींपैकी कशावरही बुधवारचा उपाय चालत नाही. पण हेग नसते तर तो पक्ष सभागृहात पुरता विझला असता. बाकांवर आपली माणसं खचलेली असतात तेव्हा आठवड्यातून एकदा त्यांना ‘आपण अजून आहोत’ असं वाटायला लावणं हेही नेत्याचं काम असतं. १९९७ च्या पराभवानंतर ते करणारं दुसरं कुणी त्यांच्याकडे नव्हतं.

‘परिणामकारकता’ परिस्थितीवर किती अवलंबून आहे ते इथेच कबूल करते. बहुमत किती, सत्ताधारी पक्ष आतून किती फुटलाय, निवडणूक किती लांब आणि स्वतःच्या पक्षाचं ओझं किती. ब्लेअर विरोधी पक्षनेते असताना पंतप्रधान जॉन मेजर यांची अवस्था आठवा. १९९२ मध्ये २१ चं बहुमत मिळालं, पोटनिवडणुका आणि पक्षांतरांनी ते संपत गेलं, युरोपवरून पक्ष दुभंगलेला. १९९५ मध्ये ब्लेअर म्हणाले, मी माझ्या पक्षाचं नेतृत्व करतो, ते त्यांच्या पक्षामागे फरफटतात. वाक्य बसलं, कारण मेजर यांच्या मागे बसलेल्या निम्म्या लोकांना ते पटत होतं. एकजूट असलेल्या बाकांसमोर तेच वाक्य हवेत विरलं असतं. म्हणून विरोधी पक्षनेता पंतप्रधानांशी बोलतोय असं दिसलं तरी तो बऱ्याचदा पंतप्रधानांच्या पाठीमागच्या लोकांशी बोलत असतो. कॉमन्समध्ये पंतप्रधानाला घालवू शकतात ते हेच.

याचा कळस म्हणजे १९ ऑक्टोबर २०२२. दुपारी पंतप्रधान लिझ ट्रस प्रश्नोत्तरांत म्हणाल्या, मी लढणारी आहे, सोडून जाणारी नाही. पण तो दिवस लक्षात राहिला संध्याकाळमुळे. अधिवेशनात वीस दिवस विरोधी पक्षांना स्वतःचा विषय लावायला मिळतात, हा त्यातला एक. मजूर पक्षाने ठराव ठेवला की फ्रॅकिंगवर, म्हणजे खडक फोडून वायू काढण्यावर, बंदी घालणाऱ्या विधेयकासाठी सभागृहाचा वेळ राखून ठेवावा. ठरावाची निवड बघा. हुजूर पक्षाने २०१९ च्या जाहीरनाम्यात सुरक्षितता सिद्ध झाल्याशिवाय फ्रॅकिंग नाही असं लिहून दिलं होतं, ट्रस यांनी ती स्थगिती सप्टेंबरमध्ये उठवली होती. म्हणजे त्यांच्या खासदारांना एकतर नेत्याविरुद्ध मत द्यायचं, नाहीतर आपल्याच मतदारांना दिलेल्या शब्दाविरुद्ध. प्रतोदांनी सकाळी निरोप धाडला की हे सरकारवरच्या विश्वासाचं मतदान आहे. चर्चा संपताना मंत्री उठून म्हणाले की तसं नाही. मतदानाच्या दालनाबाहेर ओढाओढ झाल्याचे आरोप झाले, मुख्य प्रतोद पदावर आहेत की गेल्या हेच काही तास कुणाला कळेना. ठराव पडला. दुसऱ्या दिवशी ट्रस यांनी राजीनामा दिला आणि आठवडाभरात नव्या पंतप्रधानांनी, ऋषी सुनाक यांनी, फ्रॅकिंगवरची स्थगिती परत आणली.

अर्थात आधीच्या महिन्यातल्या अर्थसंकल्पी गोंधळाने ट्रस यांचं सरकार खिळखिळं झालंच होतं. ठरावाने फक्त धक्का दिला. पण कुठे धक्का द्यायचा हे कुणीतरी आदल्या आठवड्यात एका खोलीत बसून शोधलं होतं, आणि त्या शोधाचं श्रेय कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही.

आता माहिती काढण्याची हत्यारं. लेखी प्रश्न हे त्यातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि माझ्या मते सगळ्यात धारदार. साधा प्रश्न असतो, आणि एक ठरावीक दिवसाचा, ज्यात किमान तीन कामकाजी दिवसांनंतरची तारीख आपण देतो. प्रश्न टेबल ऑफिसमध्ये द्यायचा. तिथले कारकून नियमांत बसत नसेल तर कार्ड पाठवतात: यात युक्तिवाद आहे, हे मंत्र्यांच्या अखत्यारीत येत नाही, हे याच अधिवेशनात विचारून झालंय. पहिल्या वर्षी माझ्या टेबलावर कार्डांची गड्डी जमली होती. विशेषणं काढायला मला खासदारांनी नाही, त्या कारकुनांनी शिकवलं.

एकदा आम्ही एका खात्याला विचारलं, भत्ता नाकारल्यावरच्या फेरविचाराच्या अर्जांना सरासरी किती आठवडे लागतात? उत्तर आलं, ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही. मुंबईत ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ वाचून वाढलेली मी, मला हसू आलं. मग आम्ही विचारायची दिशा बदलली. प्रादेशिक कार्यालयांना वेळेचं कुठलं उद्दिष्ट दिलंय? उत्तर: दिलंय, इतके आठवडे. उद्दिष्ट आहे, तर ते गाठलं की नाही हे खातं कशावरून ठरवतं? उत्तर: कार्यालयांच्या मासिक अहवालांवरून. मग, आमच्या भागातल्या कार्यालयाचे गेल्या बारा महिन्यांचे आकडे द्यावेत. चौथ्या प्रश्नाला तक्ता आला. साडेतीन महिने लागले. तक्त्यातला एक आकडा स्थानिक वर्तमानपत्राने पाचव्या पानावर छापला आणि त्या कार्यालयाला तीन माणसं वाढवून मिळाली. बस, एवढंच. पण तुम्ही ‘उपयोग होतो का’ विचारलंत म्हणून सांगितलं. त्या तीन माणसांमुळे ज्यांचे अर्ज लवकर निघाले त्यांनी बुधवारचा कार्यक्रम कधी पाहिलाही नसेल.

समित्या हे दुसरं हत्यार. तिथे गलका नाही, अर्ध्या तासाची मर्यादा नाही, एकच अध्यक्ष वीस मिनिटं एकाच मुद्द्यावर राहू शकतो. एप्रिल २०१८ मध्ये विंडरश पिढीच्या, म्हणजे कॅरिबियनमधून कायदेशीरपणे आलेल्या आणि दशकांनंतर बेकायदा ठरवल्या गेलेल्या लोकांच्या प्रकरणात हे दोन टप्प्यांत झालं. १६ तारखेला डेव्हिड लॅमी यांनी तातडीच्या प्रश्नावर गृहमंत्री अँबर रड यांना सभागृहात यायला लावलं. २५ तारखेला इव्हेट कूपर यांच्या समितीने शांतपणे विचारलं, हद्दपारीसाठी आकड्यांची उद्दिष्टं आहेत का? रड यांनी आपण तसं काम करत नाही असं सांगितलं. उद्दिष्टांचे कागद बाहेर आले आणि २९ तारखेच्या रात्री त्यांनी राजीनामा दिला. बघा, पुन्हा तेच: छोटा प्रश्न, नोंदलेलं वाक्य, मग कागद.

थोडक्यात आतापर्यंतचं: बुधवारी माहिती मिळत नाही, वाक्य आणि माणूस मिळतो. माहिती लेखी प्रश्नांतून आणि समित्यांतून निघते. सरकार हलतं ते त्याच्याच मागच्या बाकांमुळे, विरोधी पक्षाला फट कुठे आहे ते शोधता येतं.

मग चांगला विरोधी पक्षनेता कोण? १९३७ पासून या पदाला सरकारी पगार आहे, १९७५ पासून विरोधी पक्षांना संसदीय कामासाठी अनुदानही मिळतं, तरी समोर अख्खं प्रशासन असलेल्या माणसापुढे तो फाटकाच. मी तीन गोष्टी बघते. बुधवारचा विषय गुरुवारी सोडून देतो की त्याच्या छाया मंत्रिमंडळातले, म्हणजे एकेका सरकारी खात्यावर नजर ठेवायला नेमलेले, लोक त्यावर लेखी प्रश्नांची रांग लावतात. आपल्या मागच्या बाकावरच्या अनोळखी खासदाराला नेमका प्रश्न विचारू देतो की सगळं श्रेय स्वतःकडे ओढतो. आणि सत्तेत आल्यावर काय करणार हे विचारलं की गप्प होतो का. या तिसऱ्यात स्टार्मर यांचे विरोधातले दिवस मला कच्चे वाटले. सरकारी वकिलांचे प्रमुख राहिलेला माणूस, उलटतपासणी उत्तम. २०२४ मध्ये जेमतेम ३४ टक्के मतांवर ४११ जागा मिळाल्या. विरोधकांची मतं फुटली होती, हुजूर पक्ष कोसळला होता. वर्षभरात त्यांच्याच शंभरावर खासदारांनी भत्त्यांच्या विधेयकावर त्यांना माघार घ्यायला लावली. उलटतपासणी करून जिंकलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडायचा सराव कमी पडला, असं मला वाटतं. माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकी निम्मे याशी सहमत नाहीत.

तुम्हाला प्रकल्पासाठी काय बघायचं ते सांगते. बारा म्हणजे तुमच्याकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. विरोधी पक्षनेत्याचा चौथा प्रश्न सुरू झाला की आवाज बंद करा आणि पंतप्रधानांच्या मागच्या दोन रांगा बघा. कोण फोनमध्ये डोकं घालून बसलंय, कोण शेजाऱ्याकडे बघतंय, कोण माना डोलावायला अर्धा सेकंद उशीर करतंय, ते लिहून ठेवा. मग दुसऱ्या दिवशी हॅन्सर्ड उघडून तोच प्रश्न वाचा आणि त्यात एखादी तारीख आहे का ते शोधा.